विश्लेषण : जीपला ‘स्पेसर’ लावण्याआधी नटाचे आटे का मोजायचे?

चाक दोन बोटे बाहेर आले की जीप रुबाबदार दिसते. त्यासाठी हब आणि रिम यांच्यामध्ये धातूची एक चकती घालतात. तिला ‘व्हील स्पेसर’ म्हणतात. चकती साधी, काम अर्ध्या तासाचे आणि खर्चही फार नाही. त्यामुळे जुन्या जीप, जिप्सी, थार सजवून घेणाऱ्यांना हा सर्वात सोपा बदल वाटतो. पण चकती आत गेली की तेवढाच स्टड नटासाठी कमी पडतो, हे बाहेरून दिसत नाही. नट घट्ट लागलेला वाटतो, गाडी चालतेही. आणि काहीशे किलोमीटरनंतर एखाद्या दिवशी चाक डगमगू लागते. स्पेसर कधी लागतो, लांब स्टड का बसवावा लागतो, आणि अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर निघण्याआधी कोणत्या गोष्टी तपासायच्या, याविषयी…

स्पेसर म्हणजे नेमके काय?

गाडीचे चाक ज्या फिरत्या भागावर बसते तो हब. हबमधून चार, पाच किंवा सहा स्टड बाहेर आलेले असतात. रिमची भोके त्यात घालून वरून नट आवळले जातात. हब आणि रिम यांच्यामध्ये ठेवलेली सपाट चकती म्हणजे स्पेसर.

त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला, नुसता सरकवून बसवायचा. तो साधारण ३ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो, त्याला स्वतःचे स्टड नसतात. गाडीचेच स्टड त्यातून पुढे येतात आणि त्यावर रिम बसते. या प्रकारात लांब स्टडचा प्रश्न येतो. दुसरा प्रकार जाड, बहुतेक २० मिलिमीटरच्या पुढचा. तो आधी गाडीच्या स्टडवर वेगळ्या नटांनी आवळायचा आणि त्याच्या स्वतःच्या स्टडवर चाक बसवायचे. यात गाडीचे स्टड बदलावे लागत नाहीत, पण प्रत्येक चाकाला नटांचे दोन संच होतात आणि आतला संच चाक काढल्याशिवाय दिसत नाही.

एका चाकाला १० मिलिमीटरचा स्पेसर लावला की ते चाक १० मिलिमीटर बाहेर येते. दोन्ही बाजूंना लावला की दोन चाकांमधले अंतर, म्हणजे ‘ट्रॅक’, २० मिलिमीटरने वाढतो.

चाक आत-बाहेर करण्याची गरज का पडते?

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा विषय वेगळ्या रूपात ठाऊक आहे. कपाशीच्या दोन ओळींमधल्या अंतराप्रमाणे ट्रॅक्टरची मागची चाके जवळ किंवा लांब करतात. रिम आणि मधली डिस्क उलटसुलट जोडून, किंवा डावे-उजवे चाक बदलून हे अंतर बदलता येते. मात्र ती सोय कंपनीने आधीच हिशेब करून दिलेली असते. स्टड, बेअरिंग, अॅक्सल हे सगळे त्या प्रत्येक अंतरासाठी तपासलेले असते. बाजारातून आणलेल्या स्पेसरमागे तुमच्या गाडीचा असा हिशेब नसतो. तो बसवणाऱ्यालाच करावा लागतो.

मोटारीत स्पेसर लागण्याची कारणे साधारण चार. रुंद टायर आतल्या बाजूने कमानपाट्याला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला घासतो. नवी रिम ब्रेकच्या कॅलिपरला अडते. अॅक्सल एका गाडीचा आणि बॉडी दुसरीची असल्याने चाके मडगार्डच्या फार आत राहतात. आणि चौथे, सर्वात जास्त दिसणारे कारण म्हणजे दिखावा.

तिसरे कारण ‘किट कार’मध्ये हमखास येते. किट कार म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची गाडी. ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’ याचे सर्वात गाजलेले उदाहरण. पूर्ण गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर नाही; म्हणून ग्राहक भाग घेऊन घरीच गाडी जोडत. महाराष्ट्रात त्याच घाटाची गाडी अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत ‘चिंकारा मोटर्स’ने बनवली. त्यांच्या रोडस्टरमध्ये अॅम्बेसेडरमध्ये येणारे १.८ लिटरचे इसुझू इंजिन होते. एका गाडीचे इंजिन, दुसरीचा अॅक्सल, तिसरीची चाके अशी जुळवाजुळव असली की चाकाची जागा मिलिमीटरमध्ये चुकतेच. ती भरून काढायला स्पेसर लागतो.

जीपचा भारतातला जन्मही सुट्या भागांच्या पेट्यांमधूनच झाला. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली आणि १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालेली कंपनी मुंबईत माझगावला विलीज जीपचे आयात केलेले भाग जोडून गाड्या तयार करीत असे. त्या घराण्यातल्या जीप आजही वऱ्हाडात शेतावर आणि चिखलदऱ्याच्या घाटात दिसतात. त्यांची डागडुजी करताना मिळेल त्या गाडीचे भाग लागत जातात. म्हणजे अनेक जुन्या जीप नकळत किट कारच झालेल्या असतात.

हाच प्रश्न मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनाही भेटतो. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी देशभरातली कॉलेजे एका सीटची, खडबडीत जमिनीवर धावणारी गाडी स्वतः बनवतात. हब एका मोटारीचा आणि रिम दुसऱ्याच वाहनाची असली की मध्ये जोडचकती येते. ती वर्कशॉपमध्येच तयार होते, आणि तिचा हिशेब विद्यार्थ्यांना परीक्षकांसमोर मांडता यावा लागतो.

रिम बसली म्हणजे जुळली का?

स्टड ज्या काल्पनिक वर्तुळावर मांडलेले असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. जुनी विलीज जीप, मारुती जिप्सी आणि जिम्नी या तिन्ही गाड्यांना पाच स्टड असून त्यांचा पीसीडी १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच आहे. त्यामुळे एकीची रिम दुसरीवर चढते आणि लोकांना वाटते, जमले.

गोम नटात आहे. विलीजचा स्टड अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर जाडीचा असून त्याला इंचाला २० आटे आहेत. जिप्सी आणि जिम्नीचा स्टड १२ मिलिमीटरचा, दोन आट्यांतले अंतर १.२५ मिलिमीटर. इंचाला २० आटे म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर. फरक इतका थोडा, की अर्ध्या इंचाचा नट १२ मिलिमीटरच्या स्टडवर हाताने गरगर फिरत जातो. पण आटे एकमेकांत पुरते अडकतच नाहीत, नुसती टोके टेकतात. पान्याने जोर दिला की तो घसरतो, किंवा त्याहून वाईट, घसरत नाही आणि रस्त्यावर दगा देतो. डब्यात मिसळलेले नट वापरण्यापूर्वी प्रत्येक नट त्याच्या स्टडवर हलवून पाहावा. डुगडुगणारा नट बाजूला टाकावा.

जुन्या विलीजचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. तिथे नेहमीच्या दिशेने ‘सोडायला’ गेलेला माणूस प्रत्यक्षात नट आवळत असतो, आणि स्टड तुटल्यावरच त्याच्या लक्षात येते.

गाडीचे वजन स्टडवर असते का?

बहुतेकांची समजूत अशी असते की चाक स्टडवर टांगलेले असते. तसे नसते. नट आवळल्यावर स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि रिमला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात घर्षण तयार होते. गाडीचे वजन, ब्रेकचा धक्का, खड्ड्याचा दणका हे सगळे ते घर्षण पेलते. स्टडचे काम फक्त ओढून धरण्याचे.

हिशेब सोपा आहे. १२ मिलिमीटर स्टड असलेल्या अनेक गाड्यांत नट १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायला सांगितलेला असतो. म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर साधारण २० किलोचा जोर. आटे कोरडे आणि स्वच्छ असतील तर त्यातून एका स्टडमध्ये सुमारे ४.२ टन ओढ तयार होते. पाच स्टडची मिळून २१ टन. घर्षणाचे प्रमाण १५ टक्के धरले तरी रिम जागेवरून सरकवायला तीन टनांहून जास्त जोर लागेल. १४०० किलोच्या जीपच्या एका चाकावर उभ्या स्थितीत ३५० किलो भार येतो. खड्ड्यात तो काही पटींनी वाढला तरी पकड पुरून उरते.

आता पाचपैकी तीन नट सैल झाले असे धरा. पकड सव्वा टनावर येते. एखाद्या मोठ्या दणक्याला रिम किंचित सरकते. सरकली की राहिलेले दोन स्टड वाकू लागतात आणि त्यांचे नटही सुटू लागतात. म्हणून चाक निघण्याच्या घटनेत चकती फुटलेली क्वचित सापडते. आधी पकड जाते, मग स्टड तुटतात.

मग नट किती आटे बसायला हवा?

कार्यशाळेत सर्वसाधारण नियम असा, की स्टड जितका जाड, किमान तितकी लांबी नटाच्या आत अडकलेली हवी. १२ मिलिमीटरचा स्टड असेल तर १२ मिलिमीटर. हे मोजायला यंत्र लागत नाही. नट हाताने लावताना पहिला आटा पकडल्यापासून तो रिमवर टेकेपर्यंत किती पूर्ण फेऱ्या होतात ते मोजायचे.

• स्टड १२ मिलिमीटर, आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर : किमान ८ फेऱ्या
• स्टड १२ मिलिमीटर, आट्यांचे अंतर १.२५ मिलिमीटर : किमान १० फेऱ्या
• स्टड अर्धा इंच, इंचाला २० आटे : किमान १० फेऱ्या
• स्टड १४ मिलिमीटर, आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर : साडेनऊ फेऱ्या

समजा १.५ मिलिमीटर आट्यांच्या स्टडवर स्पेसर नसताना नट ११ फेऱ्या जातो. ५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की ३.३ फेऱ्या कमी होऊन ७.७ उरतात. ५ मिलिमीटर म्हणजे दोन-तीन नाण्यांची जाडी, पण तेवढ्यानेच नट मर्यादेच्या खाली आला. १० मिलिमीटरचा घातला तर उरतात ४.३ फेऱ्या. हा नट पान्याला घट्टच लागेल, कारण घट्ट लागायला चार आटेही पुरतात. पण पाच आट्यांचा भार चार आट्यांवर, आठांचा चारांवर गेला की ते ओरबाडले जातात. पहिल्या वेळी नाही, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी चाक काढून लावताना.

लांब स्टड निवडताना काय पाहायचे?

साधे सूत्र : स्पेसर जितका जाड, नवा स्टड किमान तितका लांब. त्यापलीकडे चार गोष्टी जुळाव्या लागतात. आट्यांची जाडी, आट्यांचे अंतर, हबमध्ये रुतणाऱ्या दातेरी भागाचा व्यास, आणि डोक्याचा आकार. दातेरी भाग भोकापेक्षा अगदी थोडा जाड असतो. त्यामुळे स्टड हबमध्ये रुतून बसतो आणि नट आवळताना फिरत नाही. हा भाग बारीक निघाला तर स्टड भोकात फिरतो. जाड निघाला तर हबला तडा जाऊ शकतो. दिसायला सारखे असलेले दोन स्टड इथेच फसवतात. म्हणून जुना स्टड काढून, व्हर्निअर कॅलिपरने मोजून, तोच नमुना घेऊन दुकानात जाणे बरे.

जुना स्टड मागे हाणून काढताना हबखाली भक्कम आधार हवा, नाहीतर घणाचा दणका बेअरिंगला बसतो. नवा स्टड प्रेसवर दाबून बसवणे सर्वात चांगले. प्रेस नसेल तर मागून स्टड घालून, पुढे जाड वायसर आणि जुना नट लावून तो हळूहळू ओढून घेतात. डोके हबच्या मागच्या बाजूला सपाट टेकले की नाही हे डोळ्यांनी पाहावे. थोडी फट राहिली आणि गाडी चालू लागल्यावर स्टड तेवढा आत सरकला, की नट आपोआप सैल.

लांब स्टडबरोबर नटही तपासावा. अनेक अलॉय चाकांना टोपीसारखे बंद तोंडाचे नट असतात. स्टड लांब झाला की त्याचे टोक टोपीच्या तळाला आधी टेकते. पाना घट्ट लागतो, पण नट रिमला टेकलेलाच नसतो. अशा वेळी उघड्या तोंडाचे किंवा खोल टोपीचे नट लागतात. नटाची बैठकही रिमप्रमाणे हवी. उतरती, गोल आणि सपाट अशा तीन बैठका असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही.

जाड, स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरमध्ये उलटी अडचण येते. गाडीचा मूळ स्टड स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब असेल तर त्याचे टोक बाहेर डोकावते आणि रिम स्पेसरऐवजी त्या टोकांवर बसते. रिमच्या मागे तेवढे खळगे नसतील तर तो स्पेसर त्या गाडीसाठी नाही, इतकाच त्याचा अर्थ.

स्टड लेथवर बनवून घेतला तर?

अमरावतीत सातुर्णा आणि अकोल्यात शिवणी इथे एमआयडीसी आहे. लेथवर काम करणारे हात कुशल असतात आणि मागाल त्या मापाचा स्टड वळून मिळतो. स्पेसरची चकती लेथवर करून घेण्यात तत्त्वतः चूक नाही. दोन्ही बाजू एकमेकींना तंतोतंत समांतर आणि सपाट असल्या म्हणजे झाले. स्टडचे मात्र तसे नाही.

साध्या एम.एस. रॉडपासून बनवलेला १२ मिलिमीटरचा स्टड सुमारे दोन टन ओढीपर्यंतच मूळ लांबीवर परत येतो. त्यापुढे तो कायमचा लांबतो. ‘८.८’ दर्जाचा स्टड पाच टनांच्या पुढे, ‘१०.९’ दर्जाचा सात टनांच्या पुढे टिकतो. चाकाला तर एका स्टडमागे ४.२ टन ओढ हवी. म्हणजे एम.एस.चा स्टड रस्त्यावर जाण्याआधी, नट आवळतानाच हरलेला असतो. तो तुटत नाही, फक्त च्युइंगमसारखा लांबतो आणि पकड धरत नाही.

ताकद दर्जेदार पोलाद, त्यावरची उष्णता प्रक्रिया आणि दाबून पाडलेले आटे यांतून येते. म्हणूनच स्टडला वेल्डिंगने तुकडा जोडून लांब करणेही धोक्याचे. वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया तिथेच पुसली जाते.

पान्यावर उभे राहून नट आवळण्याची सवयही याच गणितात मोडते. ६५ किलोचा माणूस ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे २५५ न्यूटन-मीटर होतात. त्यातून स्टडमध्ये दहा टनांहून जास्त ओढ येते, ‘१०.९’चा स्टडही ती सहन करत नाही. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावले तर कमी जोरातही ओढ भलतीच वाढते. टॉर्क रेंच याच कारणासाठी असतो.

एक केसाएवढी फट काय करू शकते?

४.२ टन ओढीखाली चाकाचा स्टड ताणला जातो तो किती? २० मिलिमीटर लांबीमागे सुमारे ०.०५ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. चाक धरून ठेवणारी सगळी शक्ती एवढ्याशा ताणात साठवलेली असते.

आता स्पेसर घातल्यावर हब-स्पेसर आणि स्पेसर-रिम असे एकाऐवजी दोन सांधे झाले. त्यात गंजाचा पापुद्रा, रंगाचा थर किंवा काळ्या मातीचा वाळलेला लेप राहिला, आणि चालताना तो ०.०५ मिलिमीटरने दबला, तर बहुतेक सगळी ओढ संपली. नट जागेवरच असतो, फिरलेलाही नसतो, तरी पकड गेलेली असते. म्हणून हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करणे आणि बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरनी नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासणे ही अंधश्रद्धा नाही.

स्टडमध्ये वायसर ओवून फट भरण्याचा जुगाड यातच मोडतो. पूर्ण चकतीऐवजी पाच छोट्या ठिपक्यांवर चाक उभे राहते. रिम मध्ये वाकते, वायसर दबतात आणि पकड उरत नाही. तो स्पेसर नव्हेच.

मधले भोकही जुळावे लागते का?

हो. बऱ्याच गाड्यांत हबच्या मध्यावर एक गोल कडा असते आणि रिमचे मधले भोक त्यावर नेमके बसते. त्यामुळे चाक केंद्रात राहते. जिम्नीत हे माप १०८ मिलिमीटर आहे. पातळ स्पेसर ही कडा झाकून टाकतो आणि रिम फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येते. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. लोक बॅलन्सिंग करून घेतात, थरथर जात नाही. स्पेसरलाच तशी कडा असलेला, हबच्या मापाचा प्रकार घ्यावा.

बेअरिंग आणि स्टिअरिंगला काय फरक पडतो?

चाक जितके बाहेर, बेअरिंगवर तितका वाकवणारा जोर. ३५० किलो भाराचे चाक २५ मिलिमीटर बाहेर सरकले तर उभ्या गाडीतच सुमारे ८६ न्यूटन-मीटर जास्तीचा जोर कायम लागू होतो. खड्ड्यात तो त्या पटीत वाढतो. बेअरिंग लगेच जात नाही, त्याचे आयुष्य कमी होते. पुढच्या चाकांना स्पेसर असेल तर स्टिअरिंग जड लागते आणि एका चाकाने खड्डा किंवा दगड पकडला की स्टिअरिंग हातातून ओढले जाते. मेळघाटातल्या कच्च्या वाटेवर हे पहिल्या तासातच कळते. मडगार्डबाहेर आलेला टायर मागच्या दुचाकीस्वारावर खडी आणि चिखल उडवतो, ते वेगळेच.

गुळगुळीत रस्त्यावर धोका कमी होतो का?

अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा रस्ता मिळाला की खड्ड्यांची भीती जाते. पण सैल स्टडला खड्डा लागतच नाही.

७० सेंटिमीटर व्यासाचा टायर एका किलोमीटरला सुमारे ४५५ वेळा फिरतो. अमरावती ते अकोला साधारण १०० किलोमीटर, म्हणजे ४५ हजारांहून जास्त फेऱ्या. जाऊन-येऊन ९० हजार. नट व्यवस्थित आवळलेला असेल तर प्रत्येक फेरीत स्टडला जाणवणारा बदल नगण्य असतो, कारण भार घर्षण उचलते. नट सैल असेल तर स्टड प्रत्येक फेरीत एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकतो. तार हाताने पुन्हापुन्हा वाकवून तोडतात, तसेच. ८० च्या वेगाला हे सेकंदाला दहा वेळा होते. चाक निखळते तेव्हा गाडीत बसलेल्यांइतकाच समोरून येणारा आणि रस्त्याकडेला उभा असलेला माणूस धोक्यात असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादक कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आरसीवर ‘स्पेसर’ असा रकाना नसतो. म्हणून तो चालतो, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. बदल केल्याचे विमा कंपनीला कळवलेले नसेल तर अपघातानंतर दाव्यावर वाद होऊ शकतो. गाडी एमएच-२७ असो की एमएच-३०, आधी परिवहन कार्यालयात विचारणे स्वस्त पडते. स्वतः जोडलेली पूर्ण गाडी रस्त्यावर आणायची तर प्रश्न आणखी मोठा. तिला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची चाचणी आणि मान्यता लागते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेच्या गाड्या म्हणूनच बंदिस्त ट्रॅकवर धावतात.

स्पेसरशिवाय मार्ग आहे का?

बहुतेक वेळा आहे. रिमवर ‘ईटी’ आणि पुढे एक आकडा कोरलेला असतो. हा रिमचा ऑफसेट. ईटी २५ ची रिम १० मिलिमीटरच्या स्पेसरवर बसवणे आणि ईटी १५ ची रिम थेट हबवर बसवणे, चाकाच्या जागेच्या दृष्टीने सारखेच. बेअरिंगवरचा भारही सारखाच वाढतो. पण दुसऱ्या मार्गात सांधा एकच राहतो, हबची कडा मोकळी राहते आणि मूळ स्टडच पुरतो. रिम नवीनच घ्यायची असेल तर आधी योग्य ऑफसेटची शोधावी.

स्पेसर लावलाच असेल, किंवा जुनी जीप घेताना चाके जरा जास्तच बाहेर दिसली, तर पाच गोष्टी लगेच पाहता येतात.

१. एक चाक काढून आत चकती आहे की वायसर, ते पाहा.
२. नट हाताने लावून फेऱ्या मोजा. वर दिलेल्या आकड्यापेक्षा कमी असतील तर गाडी तिथेच थांबवा.
३. स्टडच्या डोक्यावर ‘८.८’ किंवा ‘१०.९’ असा दर्जा कोरलेला आहे का, तो मूळ कंपनीचा आहे का, ते तपासा.
४. नटांच्या भोवती गंजाच्या लालसर रेघा दिसत असतील तर तिथे हालचाल झालेली आहे, असे समजा.
५. बसवल्यावर टॉर्क रेंचने आवळा, १०० किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा, त्यानंतर दर सर्व्हिसिंगला.

यातल्या दुसऱ्या कामाला एक व्हील पाना आणि पाच मिनिटे पुरतात. चाक बदलायला पंक्चरच्या दुकानात गाडी उभी असते, तेव्हाच ते करून घेता येते.